हिमालयावर घसरण्याची शपथ

२६ मार्च १८९३, रविवार. सकाळी सात.

आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचू नये.

काल वाचनालयात एक विलायती मासिक आले. त्यात चित्र. नॉर्वे देशातले एक कुटुंब. बाप, आई, दोन पोरे. चौघांच्या पायांना लांब लांब फळ्या बांधलेल्या. डोंगर पांढराशुभ्र, बर्फाचा. चौघेही वरून खाली घसरत आहेत आणि चौघेही हसत आहेत! खाली मजकूर असा, की शाळेला सुटी लागली की तिकडची कुटुंबे बर्फावर जातात आणि घसरतात. कामासाठी नव्हे, लग्नासाठी नव्हे, नवस फेडण्यासाठी नव्हे. मजेसाठी.

मी उभ्याउभ्या दोनदा वाचले. अंगावर काटा आला. आमचा मनुष्य बायकोपोरांना घेऊन घराबाहेर केव्हा पडतो? लग्न, बाळंतपण, सुतक, नाही तर यात्रा. नुसत्या मजेसाठी सहकुटुंब निघालेला एक मनुष्य ठाण्यात दाखवा. मी त्याच्या पाया पडेन. (पाया पडण्याच्या चालीविरुद्ध माझे व्याख्यान आहे, तरी पडेन.)

मासिक घरी नेण्यास मनाई आहे. नेले.

निश्चय: मे महिन्याच्या सुटीत मी, मोरेश्वर टिपणीस, इंग्रजी शाळेतील असिस्टंट मास्तर, सहकुटुंब हिमालयात जाऊन फळ्यांवरून घसरणार. हिमालय आमचा आणि घसरायचे नॉर्वेवाल्यांनी?

२८ मार्च, मंगळवार.

घरी चित्र दाखवले. मंजुळा (माझी पत्नी. लग्नाला बारा वर्षे. कल्याणचे माहेर सोडून काही पाहिलेले नाही, हा दोष समाजाचा) बराच वेळ पाहत राहिली. मग विचारले, खाली घसरल्यावर काय करायचे. म्हटले, पुन्हा वर चढायचे. आणि मग? मग पुन्हा घसरायचे. ती म्हणाली, अगबाई, एवढ्यासाठी?

यालाच मी गुलामगिरी म्हणतो.

मधु (वय दहा) आणि शेवंती (वय सात) यांनी ताबडतोब पाटावर उभे राहून ओटीवरून घसरून दाखवले. मधुचे कोपर फुटले. पुढच्या पिढीत तेज आहे.

आईने फक्त एक शब्द ऐकला, हिमालय. तिने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, मोरू, शेवटी तुला बुद्धी झाली रे. मी म्हटले, आई, यात्रा नव्हे, घसरायला जायचे आहे. ती म्हणाली, हो हो, कसे का होईना, जायचे ना!

२ एप्रिल, रविवार.

आमच्या सुधारकांच्या सभेत लेक्चर. विषय: आनंद हे राष्ट्राचे कर्तव्य. गर्दी चांगली. दीड तास बोललो. शेवटी चित्र उंच धरले आणि भर सभेत शपथ घेतली: येत्या सुटीत माझे कुटुंब हिमालयातील बर्फावर उभे राहील, आणि या प्रवासात एकाही देवळाची पायरी चढणार नाही. यातले एक जरी खोटे ठरले, तरी मी या व्यासपीठावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

टाळ्या. अध्यक्ष सहदेवराव यांनी शपथ बुकात लिहून घेतली. ती लिहिताना ते हसत होते. हा मनुष्य बारा वर्षे माझ्या भाषणाच्या वेळी पंखा हलवतो, तोही जोराने, आवाज होईल असा.

व्यासपीठ हा माझा श्वास आहे. तो पणाला लावला. भीती वाटत नाही. श्वास पणाला लावल्याशिवाय राष्ट्रे उठत नाहीत.

५ एप्रिल, बुधवार.

शाळेतून येतो तो दारात सात जोडे. आत शेजारपाजारच्या बायका आईच्या पाया पडत होत्या. यात्रेला निघालेल्याचे दर्शन घेतले की अर्धे पुण्य मिळते म्हणे. कोपऱ्यात फडक्याने तोंड बांधलेले एक मडके. समोरच्या घरच्या म्हाताऱ्यांच्या अस्थी. काशीला चाललाच आहात तर गंगेत सोडा, असा निरोप.

मी गरजलो, आम्ही काशीला चाललेलो नाही. समोरच्या म्हातारबुवांची सून म्हणाली, मास्तर, हिमालयात जाऊन गंगेला ओलांडून जाल का हो? मामंजी दोन वर्षे फळीवर बसून आहेत, त्यांना तुमच्या मजेत जरा जागा करा.

मडके परत पाठवायचे ठरवले. पण मेलेल्या माणसाशी वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. तूर्त राहू दिले.

८ एप्रिल, शनिवार.

चर्चमागच्या मार्सेल मेस्त्रीकडे गेलो. होड्या बांधतो, कुसरीत त्याचा हात धरणारा नाही. सात फूट लांब, चार बोटे रुंद फळ्या सांगितल्या. त्याने टोपी काढून छातीला लावली आणि विचारले, मास्तर, मयत कोनाचा? मी चित्र दाखवले. त्याने ते उलटे, सुलटे पाहिले. म्हणाला, आपले कोली खाडीच्या चिखलात फलीवर एक गुडघा टेकून सुळकन जातात, तसाच हाय ना ह्या? त्यांच्याकडून शीक, फुकट शिकवतील.

मी त्याला समजावले की हे नॉर्वेचे शास्त्र आहे, चिखलातले काम नव्हे. त्याने मान हलवली. पुढची टोके होडीच्या नाळेसारखी वर वळवून देणार आहे. चार जोड्या.

त्याची बायको रोझा मागून म्हणाली, बाय पण घसरनार? मी म्हटले, अर्थात! ती म्हणाली, मग तिची फली नीट कर रे, मास्तरची कशीबी चालल.

१३ एप्रिल, गुरुवार.

कल्याणहून मंजुळेचा धाकटा भाऊ पंढरी आला. हा मनुष्य कोणी न बोलावता येतो आणि आल्यावर सगळे ठरवतो. त्याने कोटाच्या खिशातून टाइमटेबल काढले. म्हणाला, भावोजी, ठाण्याहून कल्याण, कल्याणला मेल पकडायची, तिसऱ्या दिवशी काशी. मी म्हटले, काशी नव्हे. तो म्हणाला, बरोबर, काशी नव्हे, पण गाडी काशीला जाते त्याला मी काय करू?

तोही येणार आहे. बायकामाणसांबरोबर एक जाणता पुरुष हवा, असे आई म्हणाली. मी तिथेच बसलो होतो.

मडकी: पाच.

१६ एप्रिल, रविवार.

संताप! तळ्याकाठच्या देवळात सकाळी भटजींनी जाहीर केले, की कडवे सुधारक टिपणीस मास्तर मातोश्रींसह काशीयात्रेस निघत आहेत, सर्वांनी बोध घ्यावा. लोक मला रस्त्यात थांबवून अभिनंदन करतात. ज्यांनी माझ्यावर शेण टाकण्याची भाषा केली होती त्यांनी आज माझ्या खांद्यावर हात ठेवला. बारा वर्षांचे लेक्चर एका आठवड्यात पाण्यात!

निश्चय: ही मजेची सफर आहे, यात्रा नव्हे, हे ठाण्याला डोळ्यांनी दाखवून देईन. कसे ते उद्या ठरवीन.

२० एप्रिल, गुरुवार.

सिमल्यास हेड क्लार्क असलेल्या जुन्या मित्राचे पत्र. लिहितो, की मे महिन्यात येथे बर्फ नसतो, धूळ असते. बर्फ पाहायचा तर पौषात यावे, आता फार वर आठ आठ दिवस चालत जावे लागेल.

सरकारी नोकरी माणसाला किती संकुचित करते! हिमालय या नावातच हिम आहे. नाव खोटे आणि हा क्लार्क खरा? पत्र फाडले. घरी सांगितले नाही. मंजुळेने तुकडे वेचून टोपलीत टाकले. टाकताना जोडून पाहिल्यासारखे वाटले, पण तसे नसावे.

२३ एप्रिल, रविवार. दुपारी.

फळ्या आल्या. सुंदर! परसात भाताचा कोंडा पसरून तालीम सुरू केली. मुंबईहून बायकी बूट आणवले होते. आई म्हणाली, सुनेच्या पायात बूट? मी तिला बुटावर वीस मिनिटे समजावले. तेवढ्यात मंजुळा बूट घालून विहिरीपर्यंत जाऊन आलीही. म्हणाली, बोटे दडपतात, पण काटा लागत नाही.

तालमीचा निकाल. मी: अकरा वेळा पडलो. पडणे हा शिकण्याचा पाया आहे. मधु: चार. शेवंती: मोजले नाही, ती मुद्दाम पडते. मंजुळा: एकदाही नाही. पाण्याच्या दोन कळशा घेऊन निसरड्या पायऱ्या चढण्याची सवय, एवढेच ते. त्यात शास्त्र नाही. जो पडत नाही तो मनापासून करत नाही, असे मी तिला सांगितले. ती बरं म्हणाली आणि पुन्हा घसरली. पडली नाही.

२५ एप्रिल, मंगळवार.

सुचले! खाडीवर, कोपरीच्या पलीकडे, मिठागरात मिठाच्या राशी लागल्या आहेत. दोन पुरुष उंच. पांढऱ्या. उतार हुबेहूब चित्रातला! येत्या रविवारी पाच वाजता त्या राशीवरून मी जाहीर घसरणार. जे पाहतील ते यात्रा हा शब्द पुन्हा काढणार नाहीत.

हाताने साठ आमंत्रणे लिहिली. मिठागराच्या मालकालाही पत्र टाकले. उत्तराची वाट पाहणे हा दास्यभाव आहे.

मडकी: अकरा. आईने ती उंचीप्रमाणे लावली आहेत.

३० एप्रिल, रविवार. (१ तारखेस, पडून लिहिले.)

वस्तुस्थिती जशी घडली तशी लिहितो, कारण गावात भलतेच सांगत आहेत.

तीनशे माणसे. सहदेवराव छत्री घेऊन पुढे. बायका बैलगाडीत. मी बूट, कोट, पगडी या वेषात रास चढलो. मार्सेल मेस्त्रीने वर येऊन फळ्या बांधल्या. घसरण्यापूर्वी दोन शब्द बोलणे अवश्य होते. अकरा मिनिटे बोललो. मार्सेलचे म्हणणे, की त्या अकरा मिनिटांत फळ्या ओल्या मिठात वीतभर रुतल्या. मला हे मान्य नाही. उतार चुकीचा होता.

तो खालून ओरडत होता, मास्तर, आता बोलू नको, सर पुढे! मी सरलो. मी गेलो, फळ्या तेथेच राहिल्या.

खाली खाऱ्या पाण्याचा चर होता. त्यात. उजवा गुडघा आतल्या आत काहीतरी बोलला.

लोक धावले. सर्वांत आधी मीठ राखणारा सरकारी शिपाई धावला. माझे बूट, खिसे, पगडी, सगळे मिठाने भरलेले. कराचे मीठ अंगावरून बाहेर नेता येत नाही. मी ताडकन (म्हणजे बसल्या बसल्या) दोन्ही हात पुढे केले. बांधा, म्हटले. मिठावरच्या कराबद्दल चार वाक्ये बोललो. तुरुंगाच्या दारात उभे राहून बोलावे तशी. आयुष्यातला तो क्षण आला होता. शिपाई शांतपणे म्हणाला, मास्तर, बूट झाडा.

मी म्हटले, मला नेत का नाही? तो म्हणाला, नेऊन काय करू, आधी झाडा, मग पगडी झाडा.

सॉक्रेटिसाला विष दिले. मला बूट झाडायला लावले.

तीनशे माणसांसमोर दोन्ही बूट, चारही खिसे, पगडी झाडली. शिपायाने हाताने माझी पाठही थोपटली, मीठ पडावे म्हणून. शेवंती गाडीतून ओरडली, बाबा, पुन्हा करा!

मंजुळा उतरून आली, माझ्या मिशीतले मीठ पदराने पुसले. मग राशीकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. म्हणाली, फळी आडवी धरून उतरायला हवे होते.

२ मे, मंगळवार.

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हलायचे नाही. पायाला फळ्या बांधल्या आहेत. (वेगळ्या.)

मी जाहीर केले, की सफर पुढच्या सुटीवर. मग आई म्हणाली, मोरू, लोकांची चौदा माणसे माझ्या घरात मडक्यात बसली आहेत. त्यांना काय सांगू, मास्तर घसरला म्हणून? पंढरी म्हणाला, भावोजी, तुम्ही विश्रांती घ्या, मी आहे. मधुने भिंतीकडे तोंड केले. शेवंतीने तोंड उघडून भोकाड पसरले.

मंजुळेने विचारले, शपथ कोणती होती ती, पुन्हा एकदा नीट सांगता? सांगितली. कुटुंब बर्फावर उभे राहील. देवळाची पायरी चढणार नाही. नाही तर व्यासपीठ सुटले. तिने बोटांवर मोजले. म्हणाली, आणि व्यासपीठ सुटले तर तुम्ही रविवारी कुठे बोलणार? मी म्हटले, कुठे बोलणार, इथेच. घरी.

ती उठून ट्रंक भरू लागली.

३ मे, बुधवार.

गेले. आई, मंजुळा, मधु, शेवंती, पंढरी, चौदा मडकी. मार्सेलच्या फळ्या पंढरीने मडकी अडकवायला कावडीसारख्या वापरल्या. माझा जोड तेवढा घरी ठेवला. स्टेशनावर ताशा वाजल्याचे इथपर्यंत ऐकू आले. निघताना मी अंथरुणावरूनच मंजुळेला बजावले, एकही देऊळ नाही! ती म्हणाली, मी चढणार नाही.

आई काय करील हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. वीर पुरुषाने तपशिलात जाऊ नये.

७ मे, रविवार.

एकटा. स्वावलंबनावर माझी तीन व्याख्याने छापून तयार आहेत. पिठले केले. बसूनच केले. त्याचा खाली दगड झाला आणि वर पाणी राहिले. समोरच्या घरच्या सुनेने जेवण पाठवले. ताटाबरोबर निरोप, मामंजींना नेलेत म्हणून रोज पाठवीन. तत्त्व म्हणून परत करणार होतो. आमटी होती.

१५ मे, सोमवार.

काशीहून मंजुळेचे पत्र. चौदाही मडकी गंगेत सोडली. आईने प्रत्येकाचे नाव घेऊन सोडली आणि प्रत्येकासाठी वेगळी रडली. सर्व देवळे आई आणि पंढरी यांनी केली. मंजुळा प्रत्येक वेळी बाहेर पायरीखाली पोरांना धरून उभी राहिली, पंडे तिच्यावर ओरडले, तरी चढली नाही. लिहिते, ऊन फार होते, जोडे सांभाळायला लोकांनी माझ्याकडेच दिले, एकदा साठ जोड होते.

शपथ अर्धी टिकली! उत्तरादाखल नऊ पाने लिहिली, हिमालय कसा आणि कुठून चढावा यावर. लिहून झाल्यावर लक्षात आले की तिचा पुढचा पत्ता नाही. प्रत ठेवली आहे.

२२ मे, सोमवार.

पत्र नाही. काशीहून परत फिरले असणार. पंढरीला यात्रा झाली की घरचे वरण आठवते. म्हणजे बर्फ नाही. म्हणजे व्यासपीठ नाही.

सहदेवराव समाचाराला आले. सीताफळ खाताना बी तोंडात घोळवावी तशी माझी शपथ घोळवत होते. मी सांगितले, शपथेचा दुसरा भाग मी स्वतः काटेकोर पाळला आहे, महिनाभरात एकाही देवळाची पायरी चढलेलो नाही. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही कोणतीच पायरी चढलेला नाहीत.

हे उत्तर नव्हे. ही अडवणूक आहे.

तालीम म्हणून संध्याकाळी भिंतीसमोर बोललो. भिंत ठीक. पण समोर माणसे नसली की शेवटचे वाक्य कुठे संपवावे कळत नाही. (हे वाक्य खोडावे.)

२ जून, शुक्रवार.

मसुरीहून पत्र. तीन वेळा वाचले. उतरवून ठेवतो, कारण माझा विश्वास बसत नाही.

हरिद्वारला पंढरीला आंबे बाधले. आई त्याच्याजवळ धर्मशाळेत राहिली. सगळे म्हणाले, झाले, आता परत. मंजुळा म्हणाली, माझे एक काम राहिले आहे. मुले आणि तीन जोड फळ्या घेऊन गाडीने, मग टांग्याने, मग पायी मसुरीला. तिथे बर्फ नाही, धूळ. (सिमल्याच्या क्लार्कचा काहीतरी हात असावा.) पण बाजारात एक पहाडी मनुष्य गवतात गुंडाळून बर्फ विकत होता. सगळे विकत घेत होते, हिने विचारले, हा आणतोस कुठून? म्हणाला, पलीकडे दोन दिवसांच्या वाटेवर एका सावलीच्या घळीत थंडीतला उरतो. ही म्हणाली, आम्हांला घेऊन चल. तो म्हणाला, बाई, बर्फ इथे आहे की! ही म्हणाली, विकत नको, उभे राहायचे आहे.

गेले. त्याची बायको बरोबर आली. घळीत बर्फ आमच्या परसाएवढा, वरून मळकट, पाने पडलेली. फळ्या बांधल्या. मधु आधी, मग शेवंती, मग ती स्वतः. लिहिते: फळी आडवी धरून उतरले. मग सरळ करून पाहिली. तीनदा पडले. पडल्यावर उठवेना, हसूच येत होते. पहाडी बाईलाही घसरवले. चित्रातली बाई का हसते ते कळले. मला वाटायचे चित्र काढणाऱ्याने सांगितले असेल म्हणून.

आणि शेवटी: तुम्हांला सभेत बोलता आले नाही तर सारे घरीच बोलाल, या काळजीने निघाले होते. पण तिकडे पोहोचल्यावर ते विसरले, हे खरे लिहिते.

विजय! माझ्या योजनेचा संपूर्ण विजय!

पत्र उशीखाली ठेवले. योजनेत घळ नव्हती, एवढे कबूल.

८ जून, गुरुवार.

आले. पोरे काळी ठिक्कर. मंजुळेचे नाक सोलले आहे, बूट फाटले आहेत. मी हिमालयाबद्दल चार गोष्टी सांगू लागलो. शेवंती म्हणाली, बाबा, तसे नसते.

११ जून, रविवार.

यात्रेहून आल्यावर मावंदे घालतात, ते आईने घातले. ब्राह्मण, गंगापूजन, जेवण. मी कडक शब्दांत निषेध केला आणि सभात्याग करणार होतो. पण मला आधीच पाटावर बसवले होते आणि आधाराशिवाय उठता येत नाही. निषेध करीत असतानाच पानात पुरण पडले. भटजी म्हणाले, मास्तर, बोला बोला, आम्ही जेवतो.

१४ जून, बुधवार.

सभेच्या कमिटीचा निर्णय. सहदेवरावांनी बुकातली शपथ मोठ्याने वाचली. कुटुंब बर्फावर उभे राहिले: होय. देवळाची पायरी चढली नाही: मातोश्री चढल्या, पण मंजुळाबाई चढल्या नाहीत. टिपणीस मास्तर: दोन्हींत हजर नव्हते. सबब शपथ ज्यांनी पाळली त्यांना व्यासपीठ मोकळे. ज्यांनी फक्त घेतली त्यांचा विचार पुढे.

मी लेखी हरकत घेतली. अकरा मुद्दे. अखेरीस रविवारच्या व्याख्यानाचे आमंत्रण आले. पाकिटावर नाव सौ. मंजुळाबाई टिपणीस.

तिला म्हटले, भाषण मी लिहून देतो, तू वाच. ती म्हणाली, तुम्ही कुठे गेला होतात?

१८ जून, रविवार. सायंकाळी.

व्याख्यान झाले. नोंद करतो. निःपक्षपाती.

गर्दी माझ्या सर्वांत मोठ्या सभेपेक्षा जास्त. पावसाळी हवा, लोकांना दुसरे काम नसावे. मला पुढच्या रांगेत, काठी घेऊन, बाकावर. मार्सेल मेस्त्री आणि रोझा दाराशी उभे. सहदेवराव पंखा हलवायला विसरले.

मंजुळा उभी राहिली. हातात कागद नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून. ती बोलणार एवढ्यात बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून बायकांनी गिल्ला केला, नाव घे, नाव घे, नाव घेतल्याशिवाय बोलायचे नाही! नवऱ्याचे नाव बायकोने घेऊ नये आणि घ्यायचे तर उखाण्यात, ही आमची रीत. बारा वर्षांत तिने माझे नाव कधी उच्चारलेले नाही.

तिने उखाणा घातला नाही. माझ्याकडे एकदा पाहिले. आणि सरळ, जसे एखाद्याला वाट सांगावी तसे म्हणाली: मोरेश्वरराव टिपणीस बरोबर आले नाहीत, म्हणून आम्ही पोहोचलो.

हशा. पुढून सुरू झाला, पडद्याआड गेला, तिकडून दुप्पट होऊन परत आला. मी घड्याळ काढले होते. माझ्या उत्तमोत्तम विनोदाला आजवर सात सेकंद मिळाले आहेत. एका मिनिटानंतर घड्याळ ठेवून दिले, कारण माझ्या शेजारचा गृहस्थ माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर थाप मारून हसत होता.

मग ती अर्धा तास बोलली. हात हलवले नाहीत. राष्ट्र हा शब्द एकदाही नाही. जोडे सांभाळल्याचे सांगितले, पहाडी बाईचे सांगितले, पडल्यावर बर्फ गळ्यातून आत जातो तेव्हा कसे वाटते ते सांगितले. लोक अगदी गप्प होते. माझ्या सभेत लोक गप्प असतात, पण ते वेगळे. एका विधवा बाईने पडद्याआडून विचारले, एकटीने गेले तर चालेल का हो? मंजुळा म्हणाली, चालेल. फळ्यांचा जोड मी देते.

पुढच्या महिन्याचेही आमंत्रण तिलाच. माझी हरकत कमिटीपुढे आहे.

घरी येताना काठी टेकत तिला अनुभवाची एक गोष्ट सांगितली. म्हटले, सुरुवात ठीक होती, पण हात वर नेऊन बोलावे, म्हणजे आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतो.

ती म्हणाली, पोहोचला की.